भेटीला सावली हवी

खानदेशातले कुटुंब प्रवासाला निघते तेव्हा बहुधा ते कोणाच्या तरी घरी निघालेले असते. लेकीला आणायला, आजारी आत्याला बघायला, आखाजीला माहेरी, कानबाईच्या रोटांना गावी, लेकराचे जाऊळ काढायला धुळ्याच्या एकवीरेला. वाटेत एखादे देऊळ, धबधबा, बाग किंवा प्राणिसंग्रहालय लागले तर तेही बघून होते, पण घर सोडण्याचे कारण माणूस असते. यावरून कोणालाही वाटेल की बागा, पार, नदीकाठ, राने या भेटीच्या जोडीला आलेल्या शोभेच्या गोष्टी आहेत. असल्या तर बरे, नसल्या तर अडत नाही. शहराच्या कारभारात आणि आपल्या मनातही ही समजूत इतकी मुरली आहे की बागेवरचा खर्च सगळ्यात आधी कापला तरी कोणी आवाज करत नाही. मला ही समजूत चुकीची वाटते. खानदेशातल्या भेटीगाठींच्या रीती नीट पाहिल्या तर दिसते की आपल्या माणसांची भेट घराच्या चार भिंतींत कधीच पुरी होत नव्हती. तिला घराबाहेरची, कोणा एकाच्या मालकीची नसलेली, सावलीची जागा लागत होती आणि गावगाडा ती जागा राखून ठेवत होता. ती गेली की भेट आखडते. म्हणून शहरातली बाग ही नाती टिकवण्याची सोय आहे, आणि पाणी-रस्त्यांच्या रांगेतच तिला जागा मिळायला हवी.

पहिला पुरावा आखाजीचा. अक्षय्य तृतीया महाराष्ट्रभर साजरी होते, पण खानदेशात तिला दिवाळीचा मान आहे. लेकीला आणायला मुऱ्हाळी जातो, सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजली जाते, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. हा सगळा घरातला भाग. पण आखाजी ज्यासाठी लेकीबाळींच्या मनात वर्षभर घर करून राहते, तो भाग घराबाहेर असतो. कडुनिंबाची किंवा चिंचेची जाड आडवी फांदी बघून दोर टाकायचा, फांदीला काच पडू नये म्हणून दोराखाली गोणपाटाची घडी घालायची, खाली फळी अडकवायची, आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून गुडघ्यांच्या जोरावर झोका चढवत न्यायचा. खाली उभ्या असलेल्या बाकीच्या जणी गौराईची अहिराणी गाणी म्हणतात आणि आपली पाळी येण्याची वाट बघतात. या झाडाखाली कोण कोण असते ते पाहिले की मुद्दा कळतो. एकमेकींच्या बालमैत्रिणी, चुलत बहिणी, शेजारणी, नव्याने नांदायला गेलेल्या आणि नातवंडे झालेल्या, सगळ्या वेगवेगळ्या गावांना दिलेल्या. त्यांना एकत्र भेटायचे तर कोणाच्या घरी भेटायचे? घर म्हटले की एक यजमानीण होते, तिच्या मागे चूल लागते, बाकीच्या पाहुण्या होतात. झाडाखाली कोणी यजमान नाही आणि कोणी पाहुणी नाही. आईची भेट घरात होते. मैत्रिणींची आणि स्वतःच्या लहानपणाची भेट मात्र झाडानेच घडवून आणलेली असते.

झाडाची गरज इथल्या उन्हामुळेही आहे. आखाजी येते ती एप्रिल-मेच्या सुमारास, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाऊ शकतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर असोदे आणि सासर जळगाव. हे अंतर चालून जाण्याजोगे, तरी माहेर त्यांच्या ओव्यांत केवढी जागा व्यापून आहे, आणि त्यात माहेरच्या तापलेल्या वाटेलाही मानाचे स्थान आहे. मायेने चटका सोसता येतो हे खरेच. पण तो सोसून पोचल्यावर बसायला सावली असावी, हे गावाने पाहायचे असते.

दुसरा पुरावा कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. घरातल्या पुरुष माणसांच्या नावाने मुठीने मोजून गहू घ्यायचे, त्याच पिठाचे रोट करायचे, गंगाफळाची भाजी आणि खीर करायची, आणि भाऊबंदांनी ते मिळून संपवायचे, अशी रीत आहे. या रोटांसाठी माणसे सुरतेच्या उधना-लिंबायतमधून, पुण्याहून, मुंबईहून रजा काढून गावी येतात. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे शंभराहून अधिक वर्षे खानदेशची माणसे तिकडच्या कामाधंद्याला नेते आहे, आणि वर्षातून या दोन-तीन दिवसांसाठी तीच त्यांना परत आणते. रोट हा भाऊबंदकीचा, बंद दाराआडचा विधी. तरी दुसऱ्या दिवशी कानबाई डोक्यावर घेऊन बाया नाचत-फुगड्या घालत निघतात त्या नदीकडे. गल्लोगल्लीच्या कानबाया तिथे एकत्र येतात आणि ज्या घरांचे एकमेकांशी रोट नाहीत, तीही माणसे एका काठावर भेटतात. रक्ताच्या नात्याचा सण संपतो तो सगळ्यांच्या जागेवर.

अशी उदाहरणे आणखी देता येतील. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते ती बोरी नदीच्या वाळवंटात. धुळ्याच्या एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा पांझरेच्या काठाची. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणारी माणसे देवीचे दर्शन घेऊन रानातच दिवस काढतात. हिवाळ्यात लेवा समाजाच्या पट्ट्यात पाहुण्यांना जेवायला बोलावतात ते पुष्कळदा शेतावर. हिरवी भरताची वांगी काटक्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, वरून तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या पदार्थाची खरी जागा बांधावरच्या झाडाखाली आहे. तिथे पुरुषही जाळाशी बसतात, वांगी भाजतात, वाढतात. घरातली कामाची वाटणी दिवसभरापुरती सैल होते आणि ज्या बाईला इतर वेळी पाहुण्यांशी धड दोन शब्द बोलायला सापडत नाहीत, ती त्यांच्यात येऊन बसते. जागा बदलली की माणसे एकमेकांशी वेगळी वागतात, याची ही घरोघरची साक्ष आहे.

आता शहराकडे वळू. धाब्याच्या घराला ओटा होता, पुढे अंगण होते, गल्लीच्या तोंडाशी पार होता, आणि उन्हाळ्याच्या रात्री अख्खे कुटुंब पाहुण्यांसह धाब्यावर झोपत होते. त्या जागी दोन खोल्यांचा फ्लॅट आला. त्यात घरची चार माणसे कशीबशी मावतात, तिथे आखाजीला लेक, जावई, नातवंडे आली की बारा होतात. मोठी माणसे पंख्याखाली दाटीने बसतात, पोरांना ओरडून गप्प केले जाते, शेवटी टीव्ही लावला जातो. जायचे कुठे, तर हॉटेलात किंवा एखाद्या दुकानी संकुलात, आणि तिथे बसायचे तर काहीतरी विकत घ्यावे लागते. बारा जणांचे बिल सगळ्यांना झेपत नाही. मग 'संध्याकाळच्या गाडीने निघतोच' असे पाहुणेच म्हणू लागतात, आणि यजमान आग्रह करतात तोही मनावर ओझे ठेवूनच. महामार्ग रुंद झाले तसा प्रवास सोपा झाला, पण त्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे जुने निंब आणि चिंचा तुटल्या. पोचायला कमी वेळ लागतो आणि पोचल्यावर बसायला जागा नाही, अशी ही स्थिती आहे. नातेवाइकांचे येणे-जाणे कमी झाले याचा दोष आपण मोबाइलला, स्वभावाला, काळाला देतो. त्यातला मोठा वाटा जागेचा आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

बाग हे काम करू शकते का, असा प्रश्न पडेल, तर त्याचे उत्तर मुंबईत मिळते. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. भुसावळ-जळगाव-चाळीसगावहून मुंबईला जाणारी गाडी मध्य रेल्वेचीच, आणि भायखळा त्याच मार्गावरचे स्थानक. गिरणगावातल्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाकडे गावाहून भावाचे कुटुंब आले की ते सगळे त्या खोलीत दिवसभर बसणार कसे? डबे बांधून राणीच्या बागेत जाणे हा मुंबईच्या पाहुणचाराचा भागच होऊन गेला. पोरांना हत्ती दिसत होता, मोठ्यांना झाडाखाली सुखदुःखाचे बोलता येत होते, आणि खोली लहान असल्याची लाज यजमानाला वाटत नव्हती. पुढे या बागेच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा तिथली जुनी झाडे आणि वारसा वाचावा म्हणून मुंबईकर नागरिक उभे राहिले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. बागेची किंमत पिंजऱ्यांइतकीच, किंबहुना जास्त, सावलीत आहे हे त्यांना ठाऊक होते. २०१७ साली तिथले प्रवेशशुल्क वाढले तेव्हा आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांचे एकत्र तिकीट ठरले. सवलत चांगली, पण तिच्यामागची कुटुंबाची कल्पना चौघांपाशी थांबते. भेटीला निघालेल्या कुटुंबात मावशी असते, मामा असतो, आतेभावाची पोरे असतात. सार्वजनिक जागेचे नियम करताना हे मोठे कुटुंब डोळ्यांपुढे असायला हवे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पाण्याचा, आणि तो हलका नाही. जळगाव आणि धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. पिण्याचे पाणी साठवून वापरणाऱ्या शहराने बागा कशाला फुलवायच्या? पण या आक्षेपाच्या मागे बागेचे जे चित्र आहे ते हिरवळीचे आणि कारंज्याचे आहे. भेटीला हिरवळ लागत नाही, झाड लागते. कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ, बोर ही या मातीत वाढलेली झाडे पहिली काही वर्षे जपली की पुढे पिढ्यान्पिढ्या फारसे मागत नाहीत. मेहरूणची बोरे जळगावचे नाव दूरवर नेतात, ती काही कारंज्यावर पोसलेली नाहीत. शिवाय कोरड्या मुलखात हिरवाई उभी राहते याचे दाखले धुळे जिल्ह्यातच आहेत. धुळे तालुक्यातल्या लामकानीच्या गावकऱ्यांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उघड्या डोंगरावर गवत आणि झाडे परत आणली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी सुमारे ११०० एकर जंगल राखले, आणि त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते तेव्हा आसपासच्या पाड्यांवरच्या बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात आणि बाहेरगावची माणसे त्या चाखायला येतात. ज्या गावांकडे महापालिकेचा पैसा नाही, त्यांनी पाहुण्यांना बोलवावे असे रान उभे केले. मग पाणी नाही म्हणून शहराने झाडे लावू नयेत, हे पटत नाही. झाडे तुटत गेली की जमिनीत मुरणारे पाणीही घटते.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आखाजीचे गोडवे गाताना आपण बाईच्या बंदिवासाचे गोडवे गात नाही ना? वर्षाचे बाकी सगळे दिवस सासरी राबणाऱ्या बाईला चार दिवस झोका मिळत होता, म्हणून तो झोका गोड होता. आज शिकलेली, कमावती लेक मनात येईल तेव्हा माहेरी जाते, फोनवर रोज बोलते. तिला झाडाची काय गरज? या आक्षेपातले सत्य मान्यच केले पाहिजे. जुन्या व्यवस्थेत बाईची मोकळीक मोजून-मापून दिलेली होती, आणि कोणीही तो काळ परत मागू नये. पण ती मोकळीक तिला कुठे मिळत होती हेही पाहू. ती सासरच्या घरात नव्हती, माहेरच्या स्वयंपाकघरातही पुरती नव्हती, ती झाडाखाली होती. आज काळ बदलला, तरी शहरात बाईला काही विकत न घेता, कोणी हटकल्याशिवाय, तासभर मैत्रिणींबरोबर बसता येईल अशा जागा किती आहेत? पुरुष पानटपरीवर, चहाच्या गाड्यावर, चौकाच्या कठड्यावर बसतात. बाई बसत नाही, तिला बसू दिले जात नाही. चार दिवसांची मोकळीक बारमाही करायची तर तिला झोक्याचे झाड बारमाही मिळायला हवे. म्हणून हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो.

तिसरा आक्षेप मुलांच्या बाजूने येतो. बाग आणि झाडे ठीक, पण पोरांना वाघ बघायचा असतो. जळगाव-धुळ्याच्या पोरांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात, सुरतेच्या सरथाण्याला किंवा थेट मुंबईला जावे लागते. आपल्याकडेही प्राणिसंग्रहालय का नसावे? मुलाची ती इच्छा खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण प्राणिसंग्रहालय चालवणे हे फार खर्चाचे आणि जबाबदारीचे काम आहे. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले ते याचसाठी, की पशुवैद्य, पुरेशी जागा, आहार आणि निगा यांवाचून कोणी नुसते पिंजरे उभारू नयेत. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराने वाघाला कोंडून त्याची आबाळ करू नये. ज्या शहरांत प्राणिसंग्रहालये आहेत, तिथे आपली माणसेही आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर ते पोरांना वाघ दाखवतील. आणि ते आपल्याकडे आल्यावर त्यांच्या पोरांना दाखवायला आपल्यापाशी काय आहे? हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे स्थलांतरित पक्षी आहेत. रावेर तालुक्यातले पाल गाव आणि १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य आहे. शिरपूरकडे अनेर धरणाचे अभयारण्य आहे. मुक्ताईनगरजवळच्या रानात, केळीच्या बागांना लागून, वाघाचा वावर आहे, आणि २०१४ साली मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र त्याच्यासाठीच झाले. धुळ्याजवळ लळिंगचे कुरण आहे. तिथल्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली राहिले होते, आणि दरवर्षी ३१ जुलैला त्या आठवणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे कुरणात येतात. मोकळा फिरणारा प्राणी हमखास दिसत नाही, हे खरे. पण तो दिसावा म्हणून गप्प राहणे, वाट बघणे, पावलाचा ठसा ओळखणे हे मूल आजोबांकडून शिकते तेव्हा त्या दोघांचीही भेट घडते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा. बागा बांधल्या तरी त्या टिकत नाहीत, झोके मोडतात, नळ चोरीला जातात, टवाळखोर बसतात. हे होते, पण बागेची आखणी कोणासाठी झाली तेही बघावे. बाके पायवाटेकडे तोंड करून एका ओळीत बसवलेली असतात. सकाळी चालायला येणाऱ्या एकट्या माणसाला ती पुरतात, पण बारा जणांना त्यांवर गोल करून बसता येत नाही. त्यासाठी झाडाभोवती पार बांधावा लागतो, आणि पार बांधण्याची विद्या आपल्या गवंड्यांना शिकवावी लागत नाही. बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, दुपारी कुलूप असते. एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांना सावली हवी असते ती नेमकी दुपारीच. स्वच्छतागृह नसेल तर बायका थांबत नाहीत, आणि जिथे बायका-पोरे-म्हातारी माणसे थांबत नाहीत ती जागा आपोआप टवाळखोरांची होते. कुटुंबे दिवसभर बसू लागली की त्यांच्या नजरेइतका चांगला पहारा दुसरा नाही. जळगावात महात्मा गांधी उद्यान, भाऊंचे उद्यान आणि मेहरूण तलावाचा काठ संध्याकाळी माणसांनी भरतात. जागा नीट ठेवली तर लोक येतात याबद्दल शंका घ्यायला वाव नाही.

घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांची यादी आहे. त्यात पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, आणि उद्याने, बागा, क्रीडांगणेही आहेत. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २००३ साली महानगरपालिका झाली. तेव्हा बाग मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. मागताना मात्र माप नेमके सांगावे. प्रत्येक प्रभागात घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा, जिथे बारा माणसांचे कुटुंब, त्यात एक म्हातारी आणि एक तान्हे मूल, भर दुपारी काही विकत न घेता दोन-तीन तास बसू शकेल. पार, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, आणि झोका बांधता येईल अशी फांदी होऊ शकणारे झाड, एवढ्याने ते माप पुरे होते. त्यात महाग असे काही नाही. वेळ मात्र लागतो, कारण झाडाला वाढायला वेळ लागतो. आज पहिलीत असलेल्या मुलींच्या आखाजीला ते झाड उभे असावे असे वाटत असेल, तर ते येत्या पावसाळ्यात लावले पाहिजे आणि पुढचे तीन उन्हाळे जगवले पाहिजे. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची सभा होते तेव्हा आपल्या नगरसेवकाला हा एकच प्रश्न विचारावा, की आमच्याकडे पाहुणे आले तर त्यांना घेऊन आम्ही बसायचे कुठे. याचे उत्तर ज्या शहरापाशी आहे, त्या शहरात माणसे एकमेकांकडे येत-जात राहतील.